नकाशाची जुनी घडी

दोह्याहून दुखानला जाणाऱ्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथे माझा नवरा केदार दर वेळी गाडी हळू करतो. बघण्यासारखं तिथे काही नाही. जुन्या रस्त्याचा एक डांबरी तुकडा हमरस्त्यापासून फुटून डावीकडे जातो, थोडं अंतर सोबत चालतो आणि मग वाळूत शिरून संपतो. डांबराच्या भेगांतून वाळू वर आलेली. कडेला कधीकाळी काहीतरी होतं, त्याचा आता नुसता चौथरा उरलाय. परवा शुक्रवारी आम्ही पुन्हा तिथून गेलो. केदारने सवयीने गाडी हळू केली. तीन वर्षं त्या जागी तो एकच वाक्य म्हणत आला होता, "डिट्टो तसाच आहे बघ." परवा तो काही बोलला नाही. ते वाक्य मीच बंद पाडलं होतं, आणि ते न बोलणं मला गाडीतल्या एसीपेक्षा मोठ्याने ऐकू आलं.

तसाच म्हणजे अमेरिकेतल्या त्या जुन्या रस्त्यासारखा. रूट सिक्स्टी सिक्स. शिकागोहून निघून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत जाणारा. शेजारून नवे मोठे हायवे झाले तेव्हा तो ओस पडला, आणि ओस पडला म्हणून लोक आता मुद्दाम त्याच्यावरून जातात. केदार चोवीस वर्षांचा असताना, तिकडे शिकत असताना, त्या रस्त्याने गेला होता. एका मित्राची जुनी गाडी मागून घेऊन. एकटा नव्हता. सोबत रेवती होती, आणि त्या वेळी ती दोघं लग्न करणार होती.

त्या उन्हाळ्यात मी इचलकरंजीत पत्रकं वाटत होते.

एप्रिलमध्ये केदारचं इथलं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. भारतात परतण्याआधी तो रस्ता आपण दोघांनी करायचा, असं तो दिवाळीपासून म्हणत होता. व्हिसा झाले होते. तिकिटं राहिली होती, ती माझ्या एका शब्दासाठी. मी नाही म्हणत नव्हते आणि हो माझ्या तोंडातून निघत नव्हतं.

आमच्या घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग होते. दिवसभर आणि रात्रपाळीला त्यांची खटखट चालायची, आम्ही तिच्यावर बोलायचो, तिच्यावर झोपायचो. संप झाला की गल्ली एकदम बहिरी व्हायची आणि आईचा आवाज उगाच मोठा वाटायचा. बाबा मागावर काम करायचे आणि युनियनची पत्रकं लिहायचे. छापखान्यातून गठ्ठे घरी यायचे तेव्हा शाई पुरती वाळलेली नसायची. तो वास अजून कुठे आला तर मी वळून बघते. थंडीत आई चुलीवर पिठाची खळ शिजवायची, कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकायची, आणि "बोट घालशील तर मरशील" असं मला दर वेळी बजावायची. ती निळसर वाफ, ओल्या पोत्यावर पसरलेली पोस्टरं, सायकलच्या हँडलला अडकवलेला डबा आणि ब्रश. माझ्या बालपणाचे ऋतू त्या डब्याने ठरवलेत. बोनसची पत्रकं म्हणजे दिवाळी जवळ आली. मे महिन्याचा गठ्ठा आला की परीक्षा संपलेली असायची.

वाचायला मी पत्रकांवरच शिकले. शाळेत पत्रलेखन आलं तेव्हा मी आत्याला लिहिलं होतं, "बंधूभगिनींनो, मी येथे खुशाल आहे." बाई हसल्या. बाबांनी मात्र ते पत्र खिशात घालून युनियनच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

घड्या घालायचं काम आई आणि माझं. संध्याकाळी चटईवर समोरासमोर बसायचं, मध्ये ढीग. एका कागदाला दोन घड्या, मथळा वर, मागण्या आत. घडी नुसती घालून चालत नसे. बाबांनी एक मोडका धोटा घासून गुळगुळीत करून दिला होता, मागातला धोटा, जो दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो. त्याच्या पाठीने घडीवरून जोरात एक हात ओढायचा. कागद असा बसायचा की पुन्हा उघडला तरी त्याच रेषेत मिटायचा. "वाकडी घडी दिसली की माणूस कागद वाचत नाही, खिशात कोंबतो," बाबा म्हणायचे. हजारो कागद माझ्या हाताखालून गेले असतील. आजही हॉटेलचं बिल, औषधाच्या खोक्यातला चिठोरा, काहीही हातात आलं की माझी बोटं आधी मूळ घडी शोधतात. तो धोटा मी लग्नानंतर इथे सोबत आणला. बाबा गेल्यावर त्यांचं म्हणून मागितलेली ती एकच वस्तू.

सांगायचा मुद्दा, मी तत्त्वांच्या घरातली आहे. कॉलेजात मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं. माणूस माणसाची मालमत्ता नाही, प्रेम म्हणजे सातबारा नाही, असं काय काय त्यात होतं, आणि मला ते अजूनही पटतं. केदारने लग्नाआधी पंचगंगेच्या घाटावर बसून रेवतीबद्दल सगळं सांगितलं. तो घाबरला होता. शर्टाचं बटण फिरवत बोलत होता. मी त्याला म्हटलं, "तुझा भूतकाळ तुझा आहे. त्यावर माझा काही हक्क नाही." केवढी मोठी वाटले होते मी मला! घाटावरून उठताना माझी मान ताठ होती.

मग आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि दोह्याला आलो.

इथला पहिला हिवाळा मला अजून पुरता आठवतो, आणि तो आठवला की मला माझ्याच जुन्या डोळ्यांचा हेवा वाटतो. शुक्रवारी सकाळी गाडीच्या काचा खाली करून निघायचो. शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना पांढरट, खडबडीत जमीन, मध्येच एखादा उंटांचा कळप, अंगावर रंगीत झुली घातलेला. वाटेत एका टपरीपुढे गाडी लावून हॉर्न द्यायचा, की कागदी पेल्यात करक चहा गाडीच्या खिडकीशी यायचा, वेलदोड्याच्या वासाचा आणि दातांना चिकटेल इतका गोड. दुखान जवळ आलं की क्षितिजावर वायू जाळणाऱ्या चिमणीची ज्योत दिसायची. दिवसाउजेडी ती फिकट, थरथरती. दुखानच्या कंपनी वसाहतीत इक्बालभाई राहतात, रत्नागिरीकडचे, केदारच्या ऑफिसातल्या एकाने ओळख करून दिलेले. त्यांच्या नसीमाभाभींच्या हातचं जेवायला आम्ही जायचो.

आणि जाताना सगळा वेळ केदार तो रस्ता सांगायचा. सुरुवातीला मीच सांगायला लावायचे. बंद पडलेले पेट्रोलपंप, त्यांच्या गंजलेल्या मीटरांवर थांबलेले जुने आकडे. टुकमकारी नावाच्या गावातलं मोटेल, त्याच्या पाटीवरच्या निऑनच्या दिव्यांतला एक दिवा फडफडायचा आणि रात्रभर खोलीची भिंत गुलाबी व्हायची, विझायची. एका खानावळीत चेरीचा पाय, म्हणजे भट्टीत भाजलेला सारणाचा गोड पदार्थ, आणि वाढणारी म्हातारी त्यांना नवराबायको समजून एकाच बशीत दोन चमचे देऊन गेली. मी हसायचे. "पुढे?" म्हणायचे. केदार "आम्ही" म्हणायचा आणि मला त्यात काही टोचत नसे.

टोचायला लागलं ते कधी, हे मला सांगता येत नाही. प्रेमाचा मत्सर नव्हता तो, निदान पहिल्यांदा तरी नव्हता. माझ्या वाट्याला आलेला केदार गाडीत बसला की आधी सीटबेल्ट लावतो, मग माझा लागलाय का बघतो, मग आरसा. निघण्याआधी पाण्याच्या सहा बाटल्या मोजतो. आणि तो चोवीस वर्षांचा केदार? तो रस्ता चुकायचा, बेसूर गायचा, गाडीच्या टपावर झोपून चांदण्या बघायचा, पाऊस आला म्हणून भर रस्त्यात नाचायचा. तो मला कधी भेटलाच नाही. तो सगळा रेवतीने वापरून टाकला, असं मला वाटायला लागलं. वापरून! कॉलेजातलं माझं पत्रक मला कुणी तेव्हा वाचून दाखवलं असतं तर मी फाडून टाकलं असतं.

पण मत्सर कबूल करायला माझी जीभ वळत नव्हती. मग मी भाषणं केली. एकदा दोह्याकडे परतताना आमच्या शेजारून कामगारांच्या पांढऱ्या बसची रांग बरवा अल बराहा या त्यांच्या वसाहतीकडे चालली होती. प्रत्येक खिडकीला एक डोकं टेकलेलं, झोपेत हलणारं. केदार नेमका मोटेलच्या त्या पाटीबद्दल बोलत होता. मी उसळले.

"ही माणसं बघ. यांना बसच्या खिडकीतून दिसतो तेवढाच रस्ता. आणि आपण काय, तर ओसाड पेट्रोलपंप बघून हळवं व्हायचं! कुणाच्या जमिनींवरून गेला तो तुझा रस्ता? त्यांच्या नावाची पाटी कुठे आहे? नुसतं पेट्रोल जाळायचं आणि त्याला आठवण म्हणायचं."

केदारने एक शांत कटाक्ष टाकला. "मग आज दुखानला काय बैलगाडीने गेलो होतो आपण?"

मी बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्या बसमधल्या माणसांसाठी मी आजही तेच म्हणेन. पण त्या वेळी ते त्यांच्यासाठी नव्हतं. एक खरी गोष्ट मी माझ्या खासगी, क्षुद्र कामाला जुंपली होती. हे मला बोलता बोलताच कळलं, आणि मी थांबले नाही.

डिसेंबरात आम्ही घर आवरायला घेतलं. केदार ऑफिसला गेला होता. त्याच्या जुन्या खोक्यात, पदवीच्या कागदांखाली, तो नकाशा निघाला. मोठा, कापडासारखा मऊ पडलेला, भलत्याच जागी दुमडलेला. कुठली बाजू आत, कुठली बाहेर, काही मेळ नाही. मध्ये फुगवटा आलेला. मी तो ओट्यावर उघडला. रस्त्याच्या कडेने हिरव्या शाईत बारीक अक्षर होतं. इथे पाऊस. इथे पाय, दोन चमचे. इथे के. रस्ता चुकला, पुन्हा. टुकमकारीला नुसतं एक गुलाबी टिंब. ते अक्षर केदारचं नव्हतं.

मी सगळं वाचलं. एकदा नाही. मग माझ्या बोटांनी मूळ घड्या शोधल्या. कारखान्यात पडलेल्या त्या खोल रेषा अजून होत्या, नंतरच्या घड्या त्यांच्यावर आडव्यातिडव्या बसलेल्या. मी नकाशा सरळ केला, मूळ रेषांवर एकेक पट मिटत गेले, आणि शेवटी धोट्याच्या पाठीने प्रत्येक घडीवरून जोर देऊन हात ओढला. नकाशा नव्यासारखा सपाट झाला. पुस्तकांच्या फळीवर उभा राहील इतका.

केदार आला, त्याने तो बघितला आणि बॅग खांद्यावरून न काढता खुर्चीवर बसला.

"उघडलास?"

"खराब झाला होता. नीट केला."

"खराब नव्हता झाला." त्याने नकाशा हातात घेतला, कडा चाचपल्या. "रोज सकाळी ती त्या दिवसाचा रस्ता वर येईल अशी घडी घालायची. म्हणजे मला चालवताना दिसावा. नीडल्सला ती उतरली, त्या दिवशीची घडी होती ती. तेव्हापासून उघडला नव्हता मी."

नीडल्स हे मला माहीत होतं. वाळवंटातलं गाव, समुद्र तिथून एका दिवसावर. गाडीतच भांडण झालं, रेवती बसने निघून गेली आणि केदार पुढे न जाता मागे वळला. तो रस्ता त्याने कधी संपवलाच नाही.

"मग पुन्हा घाल की तशी," मी म्हटलं. माझा आवाज मला परका वाटला.

त्याने प्रयत्न केला. दोनदा उलटसुलट केला. पण मी पाडलेल्या रेषा फार पक्क्या होत्या, कागद आपोआप माझ्याच घडीत मिटत होता. "नाही आठवत," तो म्हणाला. "ती घालायची. मी नुसता बघायचो."

तो चिडला असता तर मी भांडले असते. त्याने नकाशा खोक्यात ठेवला आणि हात धुवायला गेला.

तीन दिवस मी स्वतःला सांगत राहिले की हात सवयीने चालले. कागद दिसला, घडी बसवली, लहानपणापासूनचं वळण. चौथ्या दिवशी भांडी घासता घासता मी पाठमोरीच म्हणाले, "केदार, घडी सवयीने घातली हे खरंय. पण धोटा आणायला मी उठले होते."

"माहीत आहे मला."

"कसं काय?"

"तो आतल्या खोलीतल्या कपाटात असतो, तुझ्या साड्यांखाली," तो म्हणाला. "आणि नकाशा ओट्यावर होता."

त्यानंतर तो त्या रस्त्याबद्दल बोलेनासा झाला. कुणी विचारलंच तर "मी गेलो होतो" म्हणायचा, एकवचनात, जपून, जसं दुखऱ्या दातापासून घास दूर ठेवतात. मला हवं होतं तेच झालं होतं. आणि शुक्रवारचा तो लांब रस्ता किती लांब आहे, ते मला पहिल्यांदाच कळलं. मग एक विचित्र गोष्ट झाली. त्याने सांगायचं सोडलं आणि मला सगळं आठवायला लागलं. अंघोळ करताना, लिफ्टमध्ये, सूक वाकिफ बाजारातल्या मसाल्याच्या गल्लीत दालचिनीचा वास आला की. वाटेतल्या सेलिगमन गावी त्यांनी टायर बदलला तेव्हा वारा कुठून येत होता, हे मला ठाऊक होतं. त्या चेरींचा, त्या भिंतीचा, त्या बशीचा रंग. तो विसरत चालला असेल आणि मी, जी तिथे कधी नव्हते, मी एकेक दिवस जपून ठेवत होते. दुसऱ्या बाईचे दिवस. रेवतीला तरी एवढं आठवत असेल का?

तर परवा आम्ही दुखानला पोचलो. नसीमाभाभींनी हमूर माशाचं कालवण, भात आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. वसाहतीतल्या त्या बैठ्या घरात खिडकीचा एसी घुमत होता, बाहेर मांजर दाराशी ओरडत होतं. इक्बालभाई भाताचा डोंगर करून मध्ये कालवण ओतत म्हणाले, "काय केदारसाहेब, एप्रिलात अमेरिकेला जातांव असं ऐकला. नक्की झाला का?"

केदारने माझ्याकडे बघितलं नाही. "अजून नाही ठरलं. एक जुना रस्ता आहे तिकडे. मी पूर्वी गेलो होतो."

"रस्ता बघायला अमेरिका?" भाभी म्हणाल्या. "असा काय हाय त्या रस्त्यावर?"

सभ्यपणे, पाहुण्याने सांगावं तसं, सर्वांत निरुपद्रवी गोष्ट केदारने निवडली. डोंगरातलं एक खाणीचं गाव. खाण बंद पडली, माणसं निघून गेली आणि गाढवं मागे राहिली. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून गावच्या रस्त्यावर फिरतात आणि थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून तोंड आत घालतात.

इक्बालभाई खदखदून हसले. "गाढवा बघायला अमेरिकेला जातांव? आमच्या गावी या की, फुकट दाखवतो! आमच्या चुलत्यापासून सुरुवात करू."

"गप बसा हो तुमी," भाभी म्हणाल्या. "मग काय केलांत?"

"काही नाही. माझ्याकडे बिस्किटं होती, ती घातली त्यांना."

"बिस्किटं नाही," मी म्हणाले. "गाजरं. बिस्किटं सेलिगमनलाच संपली होती, टायर बदलताना."

मला थांबता आलं नाही. केदारने भाकरीचा तुकडा मोडला होता, तो हातातच राहिला.

भाभींनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. "अगो, म्हणजे तू पण होतीस काय तिकडे?"

खरं सांगणं अगदी सोपं होतं. नाही भाभी, याने सांगितलंय मला. एवढंच वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं.

"हो," मी म्हणाले. "होते ना."

केदारने मान वर केली. मी त्याच्याकडे न बघता ताटातला काटा बाजूला काढत राहिले.

"मग आता परत कशाला?" भाभींनी विचारलं. "एकदा बघितला ना सगळा?"

"शेवट राहिला होता," मी म्हणाले. "समुद्रापर्यंत जाणं झालं नाही तेव्हा. अर्ध्यातून मागे फिरलो. उद्या तिकिटं काढणार आहोत."

खोटं बोलू नकोस, असं केदार म्हणू शकला असता, हसण्यावारी नेऊ शकला असता. त्याने भाकरीचा तो तुकडा हळूच तोंडात घातला आणि चावत राहिला, डोळे माझ्यावर. त्या नजरेत राग होता की दुसरं काही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. एवढं मात्र मला माहीत होतं की नीडल्सच्या अलीकडेच, त्या गाढवांच्या गावात, भर दुपारी मी रेवतीला गाडीतून खाली उतरवलं होतं, आणि मला तिची दया येत नव्हती.

भाभी कालवणाचा डाव घेऊन माझ्या ताटाशी आल्या. "चावत नाय ती गाढवा? गाजरा हातानंच घातलांत ना?"

केदार जेवायचं थांबला.

"नाही भाभी," मी म्हणाले. "ओठ फार मऊ असतात त्यांचे. जरा ओले. तळहात सपाट धरायचा, बस."